ड्रमवरच्या तीन तारखा

इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका गच्चीवर निळा प्लास्टिकचा ड्रम आहे. पूर्वी त्यात पाणी साठवायचे. आता तळाशी आणि अंगाला भोकं पाडून त्यात घरातला ओला कचरा आणि कडुनिंबाचा वाळका पाला टाकतात. ड्रमच्या पोटावर खडूनं तीन तारखा लिहिल्या आहेत. ड्रम भरला त्या दिवसापासून मोजून सोळावा दिवस, मग महिना, मग दोन महिने. त्या त्या दिवशी ड्रम फरशीवर पालथा करायचा, माल खालीवर करायचा, हवं तर पाणी शिंपडायचं आणि पुन्हा भरायचा.

रविवारी सकाळी आसपासच्या दहा-बारा जणी आणि दोन-तीन निवृत्त मंडळी इथे जमतात. शिकवणाऱ्या काकू बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. फी नाही, प्रमाणपत्र नाही. पोहे असतात, पण ते इंदुरात कुठेही असतात. काकू ड्रममधला मूठभर माल एकेकीच्या हातात देतात आणि म्हणतात, "दाबून बघा. मुगाचा लाडू वळतो तसा वळला पाहिजे. पाणी गळलं तर जास्त झालं, भुगा झाला तर कमी." हे वाक्य ऐकलं की पुढचं पुस्तकी स्पष्टीकरण कोणी ऐकत नाही, आणि ते लागतही नाही.

मी विचारलं, "काकू, सोळावाच दिवस का? पंधरावा का नको?" त्या म्हणाल्या, "ज्या वहिनींकडे मी शिकले, त्या सोळा म्हणायच्या. त्यांना कोणी सांगितलं ते काही मी विचारलं नाही." तो सोळा कुठून आला हे शोधत गेलो, तर शंभर वर्षं मागे जावं लागलं. गंमत म्हणजे इंदूरच्या बाहेर फारसं जावं लागलं नाही.

या शहराला बागेचं वेड नवं नाही. रामबाग, छत्रीबाग, लालबाग, माणिकबाग, केसरबाग, नारायण बाग: रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण निम्म्या वेळा बागेचंच नाव घेतो. नवलखा हे नाव नऊ लाख झाडांवरून पडलं असं जुनी माणसं सांगतात. तेवढी झाडं कोणी मोजली हे विचारू नये. पण या बागा संस्थानिकांच्या, सरदारांच्या. सामान्य मराठी घरात बाग म्हणजे वाड्याच्या चौकातलं तुळशीवृंदावन, विहिरीजवळची केळ आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेलं अळू. ते कोणी कोणाला शिकवत नसे. सून सासूचं बघून शिके.

घरच्या झाडाकडे सार्वजनिक काम म्हणून पहिल्यांदा पाहिलं ते एका स्कॉटिश म्हाताऱ्यानं. पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार झालेले. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात ते इंदुरात आले आणि १९१८ मध्ये त्यांनी दरबाराला शहराच्या रचनेवर दोन खंडांचा अहवाल दिला. शहरात तेव्हा प्लेगची दहशत होती. जुन्या वस्त्या सरसकट पाडण्याला गेडिसांचा विरोध होता. मैल्याबद्दलही त्यांचा आग्रह असा, की सगळं गटारात घालण्याआधी मातीत काय जिरवता येईल ते बघा. त्यांच्या इथल्या मुक्कामातली दिवाळी गाजली. त्यांनी मिरवणूक काढली. जे रस्ते आणि घरं सगळ्यात स्वच्छ, तिकडून मिरवणूक जाणार अशी दवंडी आधीच दिली होती, त्यामुळे गल्ल्यागल्ल्यांत झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, स्वच्छ फेटे बांधलेले सफाई कामगार होते, आणि शेवटी लोकांना वाटण्यासाठी छोट्या कुंड्यांमधली तुळशीची रोपं होती.

रोप फुकट वाटलं की ते जगतंच असं नाही. आजही वृक्षारोपणाच्या कार्यक्रमातून आणलेली निम्मी रोपं पिशवीतच वाळतात. पण व्याख्यान देण्यापेक्षा हातात कुंडी द्यावी ही युक्ती गेडिसांना सुचली होती, हे मान्य केलं पाहिजे.

सोळाव्या दिवसाची गोष्ट त्यानंतर सहा-सात वर्षांनी सुरू होते. १९२४ मध्ये इंदुरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था उभी राहिली. होळकर दरबारानं ३०० एकर जमीन दिली, पैसा कापूस समितीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा. प्रमुख म्हणून आले अल्बर्ट हॉवर्ड. ते १९०५ पासून बिहारात पुसा इथे काम करत होते आणि तिथल्या शेतकऱ्यांनाच आपण गुरू केलं असं उघड सांगत. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. संस्थेत संशोधन मुख्यतः कापसावर चालायचं. पण कापसाबरोबर येतात पळकाठ्या (कापसाच्या झाडाच्या वाळक्या काठ्या), तुरीच्या तुराट्या, तण, पाला. शेणाच्या गोवऱ्या चुलीत जातात आणि शेत उपाशी राहतं. तर हा काडीकचराच खत का होऊ नये?

काठ्या कुजत नसत. त्यावर काढलेला उपाय अगदी आपल्या मालवी डोक्याचा वाटतो: काठ्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरायच्या आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होऊ द्यायचा. मग तो चुरा गुरांच्या पायाखाली अंथरायचा, गोमूत्र मुरू द्यायचं. नंतर ३० फूट लांब, १४ फूट रुंद उथळ खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोमूत्रानं भिजलेली माती आणि राख यांचे थर घालायचे. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग करायचा. सोळाव्या दिवशी पहिली पलटी, महिन्याच्या सुमाराला दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी, आणि ९० दिवसांनी खत शेतात.

पलट्यांचं कारण सरळ आहे. हॉवर्डांच्या मांडणीप्रमाणे सुरुवातीला ढीग तापतो आणि बुरशी काम करते. तिला हवा हवी. आतला माल बाहेर आणि बाहेरचा आत गेला नाही तर मध्ये सडतं, वास सुटतो, नत्र उडून जातं. त्यांच्या मते दुसऱ्या महिन्यात बुरशी मागे पडते आणि जिवाणू पुढे येतात. म्हणजे काकूंचा सोळावा दिवस हा कोणाच्या वहिनींचा आडाखा नव्हे. या प्रयोगाचं वेळापत्रक १९३१ मध्ये ऑक्सफर्डनं छापलेल्या पुस्तकात आहे, आणि ते आमच्याच गावात तयार झालं.

त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दोन नावं आहेत. एक हॉवर्ड. दुसरं यशवंत वाड, संस्थेच्या रसायन विभागातले मुख्य सहायक. हे आडनाव वाचून इंदुरातल्या कुठल्याही मराठी माणसाला दोन घरं सोडून राहणारं कोणी आठवावं. पण हॉवर्डना पुढे 'सर' किताब मिळाला, जगभरचे सेंद्रिय शेतीवाले त्यांचं नाव घेतात. वाडांचं नाव आपल्या गणेशोत्सवातल्या व्याख्यानमालांतही मी ऐकलेलं नाही. याची मला खरंच चीड येते. शेताचं खत घराच्या कचऱ्यापर्यंत आणण्यातही वाडांचा हात होता. १९३४ मध्ये जॅक्सन आणि वाड यांनी वस्तीतला कचरा आणि मैला याच पद्धतीनं कसा कुजवता येईल यावर लिहिलं. गच्चीवरच्या ड्रमचं सख्खं नातं शोधायचं तर ते या लेखाशी लागतं.

एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदुरात आले, तेव्हा त्यांनी संस्थेत जाऊन हे खत पाहिलं आणि त्याच वर्षी 'हरिजन'मधून लोकांपुढे मांडलं. पुढे अमेरिकेत रोडेल नावाच्या प्रकाशकांनी हॉवर्डांच्या लिखाणावरून स्फूर्ती घेऊन १९४२ मध्ये सेंद्रिय शेती-बागकामाचं मासिक काढलं, आणि तिथल्या परसबागवाल्यांना 'इंदोर मेथड' हे शब्द पाठ झाले. इंदूर नकाशावर कुठे आहे हे ठाऊक नसलेली माणसं अंगणात इंदूरचा ढीग रचू लागली.

त्याच देशात पुढे शिकवण्याची एक वेगळी पद्धत निघाली. १९७० च्या सुमाराला वॉशिंग्टन राज्यात सिएटल आणि टाकोमा भागात बागेबद्दल इतके फोन येऊ लागले, की विद्यापीठाच्या विस्तार अधिकाऱ्यांना उत्तरं देणं झेपेना. डेव्हिड गिबी आणि बिल शीर यांनी तोड काढली: हौशी लोकांना विद्यापीठानं शिकवायचं आणि फीच्या बदल्यात त्यांनी ठरलेले तास लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायची. १९७३ पासून हे 'मास्टर गार्डनर' तयार होऊ लागले. योजना चांगली, कारण शिकणाऱ्यावर शिकवण्याची जबाबदारी येते. इंदूरच्या गच्चीवरही तसंच होतं, फक्त तास कोणी मोजत नाही आणि बिल्ला मिळत नाही.

आपल्याकडे मधल्या काळात काय झालं? १९४२ नंतर 'अधिक धान्य पिकवा' मोहीम आली, अंगणात भाज्या लावा असं सरकार सांगू लागलं. १९६५ च्या टंचाईत लालबहादूर शास्त्रींनी दिल्लीच्या आपल्या बंगल्यातलं हिरवळीचं मैदान नांगरलं. खंडवा रोडवरच्या कस्तुरबाग्राममध्ये कस्तुरबा ट्रस्टनं खेड्यांत काम करणाऱ्या सेविका तयार केल्या, आणि आज तिथे कृषी विज्ञान केंद्रही आहे. पण शहरातल्या घरांपर्यंत यातलं थोडंच पोचलं. वाडे पाडून मजले चढले, चौक गेला, तुळस बाल्कनीच्या कठड्यावर आली. युरियाचं पोतं स्वस्त झालं आणि ढीग पलटणारा माणूस खुळा ठरला.

धागा पुन्हा जोडला तो कोल्हापुराकडून. श्रीपाद अच्युत दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. (अंधश्रद्धा निर्मूलनवाले नरेंद्र दाभोलकर हे त्यांचे बंधू.) त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. त्यात गुरू कोणी नाही. प्रत्येकानं आपल्या वाफ्यात करून बघायचं आणि दुसऱ्याला कळवायचं. पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत पोसता येईल हा त्यांचा हिशेब. तो मालव्यात आणला दीपक सचदे यांनी. नर्मदाकाठी देवास जिल्ह्यातल्या बजवाड्यात त्यांनी 'अमृत मिट्टी' करून दाखवली. एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, दहा लिटर पाणी. तीन दिवस ढवळत ठेवून दहापट पातळ करायचं. त्यात पाला भिजवून दहा फूट लांब, तीन फूट रुंद, एक फूट उंच वाफा रचायचा. पुढे त्यावर सहाही रसांच्या (म्हणजे गोड, आंबट, कडू अशा सहा चवींच्या) झाडांचं बी पेरून २१, ४२ आणि ६३ व्या दिवशी शेंडे खुडून तिथेच आंथरायचे. हॉवर्ड-वाडांपेक्षा हे लांबलचक आहे, आणि फ्लॅटमध्ये गोमूत्राचा डबा तीन दिवस ठेवला तर सोसायटीची नोटीस येते. तरी इंदूरहून जाऊन-येऊन बघता येईल इतक्या अंतरावर हे होतं, म्हणून शहरातली माणसं गेली, पाहून आली आणि आपल्या गल्लीत शिकवू लागली.

शेवटचा धक्का कचऱ्याच्या गाडीनं दिला. २०१६ पासून घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा मागायला सुरुवात झाली आणि बघता बघता ८५ वॉर्डांत ती सवय झाली. २०१७ पासून ओळीनं सात वर्षं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, सातव्यांदा सुरतेबरोबर वाटून. ओला डबा वेगळा झाल्यावर त्यात काय असतं ते प्रथमच दिसलं: वाटाण्याच्या साली, चहाचा चोथा, देवाची फुलं. मग ते गाडीत का टाकायचं, हा प्रश्न कोणालाही पडेल. देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा बायो-सीएनजी प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हा एका भाऊसाहेबांनी काकूंना टोकलं, "आता तर गॅस बनून राहिला आहे, तुम्ही कशाला त्रास घेता?" काकू म्हणाल्या, "गिलकीच्या वेलाला गॅस घालू का?"

जुलै २०२४ मध्ये रेवती टेकडीवर एका दिवसात १२ लाखांहून जास्त रोपं लावून शहरानं विक्रम केला. त्या दिवसाचा मलाही अभिमान वाटला. पण रविवारच्या वर्गाचं काम वेगळं आहे. आमची काळी माती कुंडीत भरली की ओली असताना चिखल आणि सुकली की वीट, म्हणून एक भाग माती, एक भाग खत, एक भाग जाड वाळू. पाणी नर्मदेचं, जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून पंपानं वर चढवलेलं. ते १९७८ मध्ये आलं तेव्हाचा आनंद आठवणारी माणसं वर्गात आहेत, म्हणून कुंडीवर पाल्याचं आच्छादन घाला हे त्यांना दोनदा सांगावं लागत नाही. मे महिन्यात हिरवं कापड कधी बांधायचं, मेथी कधी टाकायची, मावा पडला तर आधी पाण्याचा फवारा आणि मगच निंबोळी तेल. बाकीचं वर्गात होत नाहीच. काकू मंगळवारी-बुधवारी लोकांच्या गच्च्यांवर जाऊन बघतात, तेव्हा होतं.

माझा ड्रम काकूंनीच भरून दिला होता. दुसरी पलटी मी लग्नाच्या गडबडीत चुकवली. चाळिसाव्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मावशी वर आल्या, नाकाला पदर लावून. काकूंनी ड्रम फरशीवर ओतला, वाळका पाला दुप्पट घातला, मधला काळा चिकट गोळा हातानं फोडला आणि पुन्हा भरला. मग जुन्या तारखा ओल्या फडक्यानं पुसल्या आणि खडू माझ्या हातात दिला.