स्वभावाला औषध नसेल, मोजमाप आहे

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मावशीने एक व्हिडिओ टाकला. हत्तीचं पिलू राखणदाराच्या मांडीवर बसायचा हट्ट करतंय, आणि खाली ओळ: 'प्राण्यांची मैत्री निःस्वार्थ असते, माणसांची नसते.' सगळ्यांनी हात जोडले. मला राहवेना. ते पिलू मैत्री करत नव्हतं, आई शोधत होतं. या दोन नात्यांत गल्लत झाली तर पिलू जिवाला मुकू शकतं.

उगाच सांगत नाही. केनियात डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी १९७४ मध्ये आयेशा नावाचं तान्हं, अनाथ पिलू वाढवायला घेतलं. गाईच्या दुधातली चरबी हत्तीच्या पिलाला पचत नाही. खोबरेल तेल घातलेलं दूध तिला मानवलं, बाळसंही धरलं. मग मुलीच्या लग्नासाठी डॅफ्नीबाई काही दिवस बाहेर गेल्या. आयेशाने खाणं टाकलं आणि ती गेली. दूध तेच होतं, माणूस तेवढं बदललं होतं.

पुढे नैरोबीतल्या त्यांच्या अनाथालयात नियम झाला: राखणदाराने रात्री पिलाशेजारी झोपायचं, पण रोज वेगळ्या राखणदाराने. जीव एका माणसावर जडू नये. अनेकांवर, आणि त्याहून जास्त सोबतच्या पिलांवर जडावा. अगदी तान्ह्यासाठी तिथे ब्लँकेट टांगतात. आईच्या पोटाला टेकवावी तशी त्यावर सोंड टेकवून पिलू बाटली चोखतं.

दूध पाजण्याची वेळ बघण्यासारखी. एखादं आपली बाटली संपवून शेजारच्याची हिसकायला धावतं, एखादं राखणदाराच्या पायाला चिकटून राहतं. हा द्वाड, ती गरीब, तो आतल्या गाठीचा, अशी नावं आपण लगेच ठेवतो. पण हे पिलाचे गुण की बघणाऱ्याच्या मनाचे खेळ?

माझा आवडता भाग इथे सुरू होतो, जरा धीर धरा. म्यानमारमध्ये लाकूडतोडीच्या कामावर हजारो हत्ती आहेत. दिवसा काम, रात्री जंगलात मोकळे. चरायचं, हव्या त्या हत्तीजवळ जायचं. पिलं काही वर्षं आईबरोबर असतात, मग त्यांना माणसाळवतात. माहुताला तिथे ऊझी म्हणतात. संशोधकांनी २५७ हत्तींबद्दल त्यांच्या ऊझींना विचारलं: हा हत्ती अमुक वागणं किती वेळा करतो? अशी २८ वागणुकी. अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता २८ आकड्यांचं करायचं काय? शाळेतले गुण आठवा. ज्याला गणितात चांगले गुण, त्याला बहुधा विज्ञानातही. चित्रकलेचं काही सांगता येत नाही. म्हणजे गणित-विज्ञानामागे काहीतरी सामाईक आहे. तसंच इथे. २८ गोष्टींच्या ३७८ जोड्या होतात. प्रत्येक जोडीत एक आकडा वाढला की दुसरा वाढतो का, हे बघायचं. मग २८ मितींच्या अवकाशात २५७ ठिपके आहेत असं समजा. हा ठिपक्यांचा ढग ज्या दिशेने सर्वांत लांबट, ती पहिली दिशा. तिला काटकोनात पुढची, मग तिसरी. शेवटी हे अक्ष असे फिरवायचे की प्रत्येक वागणूक शक्यतो एकाच अक्षाला बिलगेल. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला तरी चालेल, मलाही तिसऱ्यांदा वाचल्यावर कळला होता.)

हाती तीन अक्ष लागले. पहिला अवधानाचा: भोवतालाकडे किती लक्ष, काम किती नीट. दुसरा मिळून-मिसळून राहण्याचा: इतरांची जवळीक किती हवी आणि इतरांना आपण किती हवेसे. तिसरा आक्रमकपणाचा, त्यात मारकेपणा आलाच, शिवाय दुसऱ्यांच्या मैत्रीत मध्येच घुसणंही आलं. एकाच हत्तीचे दोन ऊझींनी दिलेले गुण जुळतात का, हेही ताडून पाहिलं होतं. म्हणजे सगळे काही बघणाऱ्याच्या मनाचे खेळ नव्हेत.

मैत्री मोजायची तर तिचं लक्षण हवं. उत्तर थायलंडच्या एका छावणीत २६ हत्तींवर नजर ठेवून २०१४ मध्ये ते दाखवून दिलं गेलं. एखादा हत्ती बिचकला की त्याचे कान फाकतात, शेपूट ताठ होते. जवळचा दुसरा येतो, स्वतःही तसेच कान-शेपूट करतो, चिवचिवल्यासारखा बारीक आवाज काढतो आणि सोंडेचं टोक घाबरलेल्याच्या तोंडात घालतो. चावला तर? सोंडेचं टोक म्हणजे हत्तीचं नाक आणि बोटं दोन्ही. ते दुसऱ्याच्या दाढांमध्ये देणं हा भरवसा झाला. (त्याच बोलक्या शेपटीचे केस उपटून आपल्याकडे नजर लागू नये म्हणून अंगठ्या करतात. हत्तीला ते केस माश्या वारायला लागतात. आपली नजर आपण सांभाळावी.)

नैरोबीची पिलं मोठी झाली की त्सावोच्या जंगलात इथुंबा वगैरे ठिकाणी हलवली जातात. तिथे वाढून रानात गेलेले जुने अनाथ नव्यांना भेटायला येतात, अंगावरून सोंड फिरवतात. काही माद्या रानात जन्मलेली आपली पिलं घेऊन येतात.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. वर मावशीच्या ओळीतली चूक दाखवली. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तिचं उत्तर आलं: "चांगलंय रे. तुझा तिसरा अक्ष जरा जास्तच दिसतो."