फायरवॉलमधला एक जीबी कसा तपासायचा

नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यातल्या एखाद्या ऑफिसात महिनाअखेरीला हा वाद रंगू शकतो. फायरवॉलचा, म्हणजे ऑफिस आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून येणारी-जाणारी वाहतूक तपासणाऱ्या मशीनचा, रिपोर्ट सांगतो, वापर ९३१ जीबी. इंटरनेट पुरवणाऱ्याचं बिल सांगतं, १,००० जीबी. अकाउंट्सवाल्यांना वाटतं पुरवठादार लुबाडतोय, पुरवठादार म्हणतो तुमचं मशीन बिघडलंय. नीट मोजायला बसलं तर बाइट दोन्हीकडे तेवढेच निघतात, एक लाख कोटी.

फरक आहे तो भागाकारात. बिल करणाऱ्याने एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरले. फायरवॉलने १,०२४ ला १,०२४ ने दोनदा गुणून १,०७,३७,४१,८२४ धरले. संगणकाच्या मेमरीचा हिशेब दोनच्या पटीत चालतो आणि १,०२४ हा आकडा हजाराच्या इतका जवळ आहे, की सुरुवातीच्या मंडळींनी त्यालाच किलो म्हणून टाकलं. केबीपर्यंत हे खपून गेलं, कारण तिथे चूक २.४ टक्क्यांची असते. एमबीला ती जवळपास ५ होते, जीबीला ७.४ आणि टीबीला १० च्या घरात जाते.

यावर तोडगा म्हणून इंटरनॅशनल इलेक्ट्रोटेक्निकल कमिशनने १९९८ मध्ये १,०२४ वाल्या हिशेबाला किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावं दिली. नावं बोबडी आहेत खरी, म्हणूनच बोलण्यात फारशी रुळली नाहीत. विंडोज अजूनही १,०२४ ने भागून शेजारी जीबीच लिहितं. ॲपलने मॅकवर २००९ मध्ये हजाराचा हिशेब धरला. जुनी १.४४ एमबीची फ्लॉपी तर दोन्हीकडची पाहुणी: एकदा १,०२४ ने भागायचं, मग एकदा १,००० ने, तेव्हा कुठे १.४४ येतात.

फायरवॉलमध्ये दुरुस्ती दोन प्रकारे करता येते. भागाकार तसाच ठेवून नाव गिबीबाइट करायचं, नाहीतर नाव जीबी ठेवून हजाराने भागायचं. माझं मत दुसऱ्या बाजूला. नेटवर्कचा वेग पहिल्यापासून हजारातच सांगतात. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला बरोबर १० कोटी बिट, म्हणजेच (आठ बिटांचा एक बाइट) १२.५ एमबी. वेग एका मापात आणि वापर दुसऱ्या मापात दाखवला तर बघणाऱ्याने ताळा जमवायचा कसा?

कोडमध्ये हा बदल जेमतेम दोन-तीन ओळींचा. वेळ जातो तो तपासण्यात, कारण स्क्रीनवरचा आकडा बरोबर ‘वाटतो’ का, हे बघून काहीच कळत नाही. समजा १०० कोटी बाइटची फाइल फायरवॉलमधून पलीकडे पाठवली. फाइल तुकड्यातुकड्यांनी जाते आणि प्रत्येक पॅकेटवर पत्त्याचा नि क्रमांकाचा हेडर चढतो. लिनक्समध्ये नेहमीच्या सेटिंगला १,५०० बाइटच्या पॅकेटात फाइलचे १,४४८ बाइट असतात, उरलेले ५२ हेडरचे. ठाण्यात घोडबंदर रोडला फ्लॅट बघितलेल्यांना कार्पेट आणि बिल्ट-अपचा फरक वेगळा सांगायला नको. अशी सुमारे ६ लाख ९० हजार पॅकेटं जातात आणि फायरवॉल मोजतो साधारण १०३ कोटी ५९ लाख बाइट.

आता गंमत बघा. हा आकडा १,०२४ ने दोनदा भागला तर ९८७.९ येतो. शेजारी चुकून एमबी लिहिलेलं असेल तरी टेस्टर म्हणणार, हजार एमबीची फाइल होती, ९८८ दिसतायत, थोडं इकडेतिकडे व्हायचंच. हेडरने आकडा ३.६ टक्क्यांनी फुगवला, चुकीच्या भागाकाराने तो सुमारे ४.६ टक्क्यांनी आवळला आणि दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. दुरुस्त केलेला कोड मात्र १.०४ जीबी दाखवतो आणि हजार एमबीची अपेक्षा धरून बसलेल्याला तोच चुकीचा वाटतो.

म्हणून फाइल बाजूला ठेवून साधं पिंग घ्यावं, म्हणजे पलीकडचं मशीन उत्तर देतंय का हे बघणारी छोटी हाक. मध्ये फायरवॉल, दोन्हीकडे एकेक लॅपटॉप. पिंगला आतला डेटा ९७२ बाइट ठेवायला सांगायचं. त्यात पिंगचे स्वतःचे ८ आणि आयपी हेडरचे २० मिळवले की पॅकेट भरतं बरोबर १,००० बाइट. अशी हजार पॅकेटं सोडायची आणि फक्त पिंगसाठी केलेल्या नियमाचा काउंटर एकाच दिशेने वाचायचा. दहा लाख बाइट. स्क्रीनवर १.० एमबी आलं तर दुरुस्ती लागू झाली, ९७६.६ केबी आलं तर जुनाच भागाकार चालू आहे. इंटरफेसचा, म्हणजे केबल जोडतो त्या पोर्टचा, काउंटर वाचू नका. तिथे बहुतेकदा दर पॅकेटमागे इथरनेटचे १४ बाइट जास्त धरलेले असतात आणि शिवाय दुसरी फुटकळ वाहतूकही मिसळते.

पिंगने सगळे आकडे गाठता येत नाहीत, त्यामुळे काही थेट कोडच्या तोंडी द्यावे लागतात. ९,९९,९९९ बाइट दिले की घिसाडघाईने लिहिलेला कोड ‘१०००.० केबी’ छापतो: आधी एकक ठरवलं, मग पूर्णांकन केलं. क्रम उलटा हवा. शून्यही द्यायचं. कोणतं एकक लावायचं हे काही जण लॉगरिदमने ठरवतात, आणि शून्याला लॉगरिदम नसतो. नुकत्याच बसवलेल्या, एकही पॅकेट न गेलेल्या फायरवॉलवर मग आकड्याच्या जागी काहीतरी भलतंच उमटतं. लॉगरिदमवर तसाही माझा विश्वास कमी. जावास्क्रिप्टमध्ये १,००० च्या लॉगला १० च्या लॉगने भागलं की ३ येत नाही, २.९९९९९९९९९९९९९९९६ येतं. खालचा पूर्णांक घेणाऱ्या कोडच्या हाती उरतात दोन.

सगळ्यात त्रासदायक जागा म्हणजे मर्यादेचा रकाना. ॲडमिनने कुणाला ५० जीबीचा कोटा दिला असेल, तर ते ‘५० जीबी’ वाचून बाइटमध्ये बदलणारा कोड वेगळा असू शकतो. दाखवणारा सुधारला आणि वाचणारा तसाच राहिला, तर स्क्रीनवर ५३.७ जीबी दिसेपर्यंत त्या माणसाचं नेट बंदच होणार नाही. तेव्हा ५० टाकायचं, सेव्ह करायचं, पान पुन्हा उघडायचं, ५०च दिसतात का बघायचं आणि नेट कितीव्या बाइटला तुटतं तेही.

एवढं करून नवी आवृत्ती चढवली तरी जुन्या नोंदींचं बघावं लागतं. डेटाबेसमध्ये मूळ बाइट साठवलेले असतील तर मागचे महिनेही आपोआप नव्या मापात दिसतात. भागून झालेले जीबी साठवले असतील तर आलेखात अपडेटच्या तारखेला सात टक्क्यांची पायरी उभी राहते. म्हणून चाचणीत जुन्या आवृत्तीचा महिनाभराचा डेटा भरून मगच अपडेट चढवावं आणि आलेख सलग राहतो का ते बघावं.