स्टिकचा ड्रिफ्ट, वॉरंटीचं सील आणि किनाऱ्यावरची खारी हवा

गेम कंट्रोलरच्या स्टिकला बोट न लावताही पडद्यावरचा खेळाडू एका बाजूला चालू लागतो, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. प्रत्येक स्टिकखाली दोन पोटेन्शिओमीटर, म्हणजे हालचाल मोजणारे भाग, असतात: आडव्या हालचालीला एक आणि उभ्या हालचालीला एक. आत कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासते. पट्टी झिजते, भुकटी साचते, आणि स्टिक मधोमध असतानाही आकडा हलत राहतो.

हे टाळता आलं असतं. सेगा कंपनीने १९९६ मध्ये आपल्या सॅटर्न या गेम कन्सोलच्या थ्रीडी पॅडमध्ये आणि पुढे ड्रीमकास्ट कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर बसवला होता; त्यात घासणारं काहीच नसतं. तरी बाजारात पोटेन्शिओमीटरच रुळला. २०१७ च्या निन्टेंडो स्विच कन्सोलच्या जॉय-कॉन या कंट्रोलरवरून २०१९ मध्ये अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला, तेव्हा हे दुखणं सगळ्यांच्या तोंडी आलं.

‘सील फाटलं की वॉरंटी संपली’ या कंपन्यांच्या धमकीला अमेरिकेत १९७५ चा वॉरंटीविषयीचा मॅग्नुसन-मॉस कायदा आडवा येतो. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेंडोसह सहा कंपन्यांना अशा अटींबद्दल ताकीद दिली. तो कायदा भारतात चालत नाही. आपल्याकडे १९८६ चा आणि त्याच्या जागी २० जुलै २०२० पासून लागू झालेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं, पण सीलचा प्रश्न थेट सोडवणारं कलम त्यातून आलं नाही. म्हणून वॉरंटी चालू असेल तर स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा.

कोकणात आणखी एक अडचण. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की खाऱ्या हवेतून बसलेलं मीठ आपणहून पाणी ओढून विरघळतं, आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या पावसाळ्यात ती सहज त्यावर जाते. चार्जिंग पोर्टच्या तोंडाशी धातू गंजून हिरवट थर दिसतो तो यामुळे. पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बहुधा धरत नाहीत, आणि झिजलेल्या स्टिकचा दोषही त्या हिरव्या थरावर ढकलला जाऊ शकतो. कंट्रोलर पाठवण्याआधी ड्रिफ्टचा व्हिडिओ आणि पोर्टचे फोटो काढा. नकार मिळाला तर लेखी मागा. माल ऑनलाइन घेतला असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

वॉरंटी संपली असेल, तर प्रथम बॅटरीचा कनेक्टर काढा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पोटेन्शिओमीटर धुतला तर काही दिवस बरं वाटतं, पण झिजलेला कार्बन परत येत नाही. हॉल सेन्सरची नवी स्टिक बसवायची तर जुन्या स्टिकचे सहसा सोल्डरचे १४ टाके सोडवावे लागतात. ग्राउंडच्या पायांची उष्णता बोर्डातलं तांबं ओढून घेतं, म्हणून तिथे आधी थोडं नवं सोल्डर घालून मग शोषून घ्या. ओढाताण केली की तांब्याचा पॅडच उखडून येतो. नवी स्टिक बसली तरी मध्यबिंदू कॅलिब्रेट केल्याशिवाय, म्हणजे नव्याने जुळवल्याशिवाय, खेळाडू पुन्हा तिरपाच चालेल.