शून्य नसलेले आकडे संगणकात येतात तेव्हा

१८१५ साली श्रीलंकेतल्या कँडी राज्याचे सरदार आणि इंग्रज गव्हर्नर रॉबर्ट ब्राउनरिग यांच्यात करार झाला. त्याच्या इंग्रजी मजकुरात कलमांना आपल्या ओळखीचे इंग्रजी आकडे आहेत. सिंहली मजकुरात मात्र जुने सिंहली आकडे, म्हणजे ‘सिंहल इलक्कम’. असा दस्तऐवज मुळाबरहुकूम टंकायचा, तर हे आकडे संगणकाला ठाऊक हवेत. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक खुणेला क्रमांक देणाऱ्या मानकात, ते २०१४ साली, ७.० या आवृत्तीत आले. आपली मोडीही त्याच आवृत्तीत आली. मोडीचं सोपं होतं: ० ते ९ असे दहा अंक, बाकीचं काम स्थान करतं.

इलक्कममध्ये शून्यच नाही. एक ते नऊच्या नऊ खुणा, दहा ते नव्वद या दशकांच्या नऊ, शिवाय शंभर आणि हजार, एकूण २०. ३४७५ लिहायला ३, १०००, ४, १००, ७०, ५ अशा सहा खुणा लागतात. ४०७ तिनांत भागतं: ४, १००, ७.

या खुणांचे संकेतांक, म्हणजे युनिकोडमधले क्रमांक (सोळाच्या पायात लिहिलेले, म्हणून ९ नंतर ए ते एफ), यू+१११ई१ पासून यू+१११एफ४ पर्यंत आहेत. त्याआधीचं घर, १११ई०, जिथे एरवी शून्य बसलं असतं, ते रिकामं आहे. नेमकं इथेच प्रोग्रामर फसतात. संकेतांकातून १११ई० वजा केलं की किंमत मिळते, ही युक्ती दहापर्यंत बरोबर चालते. पुढे वीसच्या खुणेला ११ आणि हजारच्या खुणेला २० असं उत्तर येतं! युनिकोडने या खुणा ‘दशमान अंक’ या वर्गात न घालता ‘इतर संख्या’ या वर्गात घातल्या आहेत, आणि ते अगदी योग्य आहे. म्हणून पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतलं ‘इंट’, म्हणजे मजकुरातून पूर्णांक काढणारं फंक्शन, त्या नाकारतं. तिच्याच ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधल्या ‘न्यूमेरिक’ला विचारलं की खरी किंमत कळते. मग डावीकडून वाचत जायचं: १ ते ९ पैकी अंकानंतर १०० किंवा १००० आलं तर गुणायचं, नाहीतर बेरीज करायची.

जन्मपत्रिकांमधले ‘लिथ इलक्कम’ हे आकडे वेगळे. त्यांत शून्य आहे, त्यामुळे ते यू+०डीई६ ते ०डीईएफ इथे ‘दशमान अंक’ म्हणूनच नोंदले आहेत आणि ‘इंट’ला चालतात. दोन्ही संचांना सरसकट ‘जुने सिंहली आकडे’ म्हणून एकच नियम लावला, की हिशेब चुकलाच.

साठवणीतही एक खाच आहे. यूटीएफ-८ या युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत इलक्कमची प्रत्येक खूण चार बाइट घेते. एकची खूण म्हणजे एफ० ९१ ८७ ए१. मायएसक्यूएल या डेटाबेसचा जुना ‘यूटीएफ८’ एका खुणेला तीनच बाइट घेतो, त्यामुळे नोंद नाकारली जाते किंवा त्या खुणेपासून पुढचा मजकूर कापला जातो. टेबल बनवतानाच ‘यूटीएफ८एमबी४’ निवडावं. पडद्यावर नुसते चौकोन दिसले, तर आधी फॉन्ट तपासावा. मजकूर बहुधा शाबूत असतो. तो इंग्रजी आकड्यांत बदलू नये. मूळ खुणा एका रकान्यात तशाच ठेवाव्यात आणि शोधासाठी त्यांची किंमत शेजारच्या रकान्यात नोंदवावी.