डोमेन ‘विकत’ घेतलं म्हणजे कायमचं आपलं झालं?

“एकदा पैसे भरून डोमेन घेतलं की ते जन्मभर आपलंच,” असं स्वतःची वेबसाइट काढणाऱ्यांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. (डोमेन म्हणजे वेबसाइटचं इंटरनेटवरचं नाव.) तसं नसतं. पण समज होणं साहजिक आहे. पैसे भरताना बटणावर ‘खरेदी करा’ असंच तर लिहिलेलं असतं!

प्रत्यक्षात आपण ते नाव ठरावीक मुदतीपुरतं नोंदवतो. डॉट कॉमने संपणाऱ्या नावाची नोंदणी एका वेळी 10 वर्षांपुढे जात नाही. मुदत संपली की साइट बंद पडू शकते, आणि त्या नावावरचा ईमेलही. हा दुसरा फटका जास्त लागतो. नाव मात्र लगेच हातचं जात नाही. आधी नूतनीकरणासाठी बहुधा जादा मुदत मिळते, ती नोंदणी करणाऱ्या कंपनीगणिक वेगळी. नाव रद्द झाल्यावरही 30 दिवस जादा शुल्क भरून ते सोडवता येतं. त्यानंतर 5 दिवसांनी कुणीही घ्यावं. काही कंपन्या तर त्याआधीच लिलाव करतात.

तपासायला ‘हूइज’ (डोमेनच्या नोंदणीची माहिती दाखवणारी सेवा) शोधात आपलं डोमेन टाका; मुदतीची तारीख दिसेल. मालकाचं नाव तिथे बहुधा झाकलेलं असतं, ते नोंदणीच्या खात्यात लॉगिन करूनच कळतं. साइट दुसऱ्याने बनवून दिली असेल तर हे आधी पाहा. खातं त्याच्या नावावर असेल, तर मुदतीची आठवण करून देणारे मेलही त्यालाच जातात.