नळी राहू दे, उठायला नको?

"सिस्टर, लघवीची नळी राहू दे हो. आजींना उठायला नको, पडतील-बिडतील." रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या वॉर्डांत नातेवाईक हे अगदी प्रेमाने सांगतात. भीती रास्त आहे, उपाय मात्र अंगाशी येणारा.

भीती रास्त कशी, ते आधी. झोपलेला माणूस उभा राहिला की अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या धमन्यांना दाब घसरल्याचं कळतं, मेंदूला वर्दी जाते, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. वय, ताप, जुलाब, अंथरुणावर काढलेले दिवस, रक्तदाबाच्या आणि लघवी होण्याच्या गोळ्या यांमुळे हे सगळं मंदावतं. उभं राहिल्यावर ३ मिनिटांत वरचा दाब २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर तो धोक्याचा इशारा. डोळ्यांपुढे अंधारी येते आणि हात जातो सलाईनच्या स्टँडकडे. त्याला चाकं असतात! त्यात दारापासून ओल्या छत्र्यांचे ओघळ आलेले, पायात झिजलेली रबरी स्लिपर.

म्हणून आधी कॉटच्या कडेला पाय सोडून एक-दोन मिनिटं बसवावं, पावलं वर-खाली हलवायला सांगावं. पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. मग धरून उठवावं. रात्री झोपण्यापूर्वीच एकदा बाथरूमला नेऊन आणलेलं बरं.

आता नळी. ती आत राहिली की तिच्यावर जंतूंचा थर धरतो, पावसात विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं तसा बुळबुळीत. त्याच्या आत अँटिबायोटिक नीट पोहोचत नाही. नळी राहील त्या प्रत्येक दिवसामागे लघवीत जंतू होण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. शिवाय पडून राहिल्याने पायांतली ताकद जाते, म्हणजे पडण्याची भीती उलट वाढलीच. काहींना नळी लागतेच, लघवी अडलेली असते किंवा ऑपरेशन झालेलं असतं. पण "आज काढता येईल का?" हे डॉक्टरांना रोज विचारावं. स्वतः ओढू नये, आत फुगवलेला फुगा असतो.

एक्स-रेला नेताना लघवीची पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवलेली हमखास दिसते. तसं केल्याने साठलेली लघवी उलटी मूत्राशयात जाऊ शकते. पिशवी कायम कमरेच्या खाली हवी, फरशीला मात्र टेकता कामा नये.

हात धुण्याचं महत्त्व व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्येच दाखवून दिलं होतं. तरी गणपतीत आलेले चाकरमानी थेट कॉटवर येऊन बसतात, सलाईनच्या हातावरून हात फिरवतात. त्यांना आधी बेसिन दाखवावं. कुणी शिंकत असेल तर फोनवर बोलणं पुरे. रुग्णाला जुलाब होत असतील तर सॅनिटायझरवर विसंबू नये, साबण-पाणीच हवं. जुलाबाच्या काही जंतूंचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. आणि सुईची जागा लाल झाली, सुजली किंवा ठणकू लागली, तर राऊंडची वाट न पाहता सिस्टरांना लगेच सांगावं.