वळचणीचं पाणी आढ्याला चढतं तेव्हा

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, ही म्हण आमच्या घरी कुणी नको ती खटपट करायला लागलं की ठरलेली. कोकणातल्या घरात तिच्यावर शंका घेण्याचं कारणही नव्हतं. पाणी आढ्यावरून कौलांवर, कौलांवरून वळचणीला आणि तिथून पागोळ्या होऊन अंगणात. मिनेसोटात राहायला आल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात मात्र मी ते पाणी उलटं चढलेलं पाहिलं. फेब्रुवारीतली स्वच्छ उन्हाची सकाळ, बाहेर उणे 12 अंश, चार दिवसांत आभाळातून काही पडलेलं नाही. आणि जेवणाच्या टेबलाशेजारच्या खिडकीच्या वर, भिंत आणि छत मिळतात तिथे, सांडलेल्या चहासारखा पिवळट ओघळ.

इथली मराठी माणसं पडतो त्याला स्नो म्हणतात आणि गोठतो त्याला बर्फ. हा फरक इथे कामाला येतो. छतावर साचलेला ताजा स्नो म्हणजे मुख्यतः हवाच, त्यामुळे ती उत्तम दुलई असते. घरातली ऊब फटींतून पोटमाळ्यात, म्हणजे इथल्या भाषेत अ‍ॅटिकमध्ये, झिरपते आणि छताची फळी तापवते. दुलईमुळे ती ऊब तिथेच कोंडते आणि स्नोचा सगळ्यात खालचा थर वितळतो. ते पाणी उतारावरून खाली निघतं आणि वळचणीवर येऊन पोचतं. वळचण भिंतीच्या बाहेर आलेली, तिच्याखाली घर नाही, नुसता गारठा. तिथे पाणी गोठतं. दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी थोडं. आठवडाभरात कडेला बर्फाचा बांध उभा राहतो आणि त्याच्यामागे तळं साचतं. इथले डांबरी शिंगल्स आपल्या कौलांसारखेच एकावर एक चढवलेले असतात. वरून वाहत येणारं पाणी ते झटकून टाकतात, पण साचून खालून वर सरकणाऱ्या पाण्याला त्यांच्याकडे उत्तर नसतं. ते सांध्यांतून आत शिरतं आणि जेवणघरात उतरतं.

याची मोजमापंही झालेली आहेत. अमेरिकी लष्कराच्या न्यू हॅम्पशरमधल्या शीतप्रदेश संशोधन प्रयोगशाळेनं न्यू यॉर्क राज्यातल्या फोर्ट ड्रमच्या इमारतींवर तापमानं नोंदवली. बाहेर उणे साडेपाच अंशांपेक्षा जास्त गारठा आणि पोटमाळ्यात उणे एकपेक्षा जास्त ऊब, असा जोड जमला की वळचणीला त्रासदायक बर्फ धरतो. बाहेर त्याहून कमी थंडी असेल तर पाणी बरंचसं ओघळून जातं. म्हणजे छत वाचवायचं तर पोटमाळा थंड ठेवायचा. घर ऊबदार आणि त्याच्या डोक्यावरचा माळा बाहेरइतका गार, हे आपल्याला उफराटं वाटतं. मलाही वाटलं होतं.

माळा गार ठेवायचा तर त्यातून बाहेरची हवा खेळवायची. ती आत येते वळचणीच्या पोटातून आणि बाहेर पडते आढ्याजवळच्या झरोक्यातून. वळचणीच्या या पोटाला, म्हणजे खाली उभं राहून मान वर केली की दिसणाऱ्या आडव्या पट्टीला, इथे सॉफिट म्हणतात. पन्हळ ज्या उभ्या फळीवर ठोकतात ती फेशिया. घराचं छत बदलताना ठेकेदार या दोन्हींचा भाव सांगतो आणि विचारतो, रंग कुठला? आमच्याकडे आलेल्या तिघांपैकी दोघांनी हेच विचारलं. तिसऱ्यानं शिडी मागितली.

त्याच्यामागून मीही माळ्यावर चढले. त्यानं दिवा घालवला आणि म्हणाला, आता कडेला बघा. भर दुपार होती. सॉफिट काम करत असेल तर वाशांच्या टोकांशी उजेडाच्या बारीक रेघा दिसायला हव्यात. आम्हाला ठार काळोख दिसला. कारणं दोन निघाली. आधीच्या मालकानं भरपूर इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा भराव, फुंकून घेतलं होतं, आणि तो कापसासारखा भुसा थेट कडेपर्यंत जाऊन हवेच्या वाटेवर बसला होता. दुसरं कारण खाली उतरून एक पट्टी सोडवल्यावर कळलं. बाहेरून दिसणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना ओळीनं छान भोकं होती, पण त्या जुन्या प्लायवूडवरच ठोकलेल्या. प्लायवूडला भोकच नाही. भिंतीवर खिडकीचं चित्र काढावं तसला प्रकार. जुन्या घरांत हे सर्रास आढळतं, असं तो म्हणाला.

भोकं किती हवीत, याचा इथला नियम गणिती आहे. पोटमाळ्याच्या जमिनीचं क्षेत्रफळ भागिले 150, एवढी निव्वळ मोकळी जागा हवेला हवी. निम्मीअर्धी वाट वर आणि उरलेली खाली असेल आणि थंड प्रदेशात खोलीवरच्या छताच्या उबदार बाजूला बाष्प अडवणारा थरही असेल, तर भागिले 300 चालतं. आमचा माळा 40 बाय 30, म्हणजे 1200 चौरस फूट. 300 नं भागलं की 4 चौरस फूट, म्हणजे 576 चौरस इंच. त्यातले निम्मे, 288, वळचणीला. घराच्या दोन लांब बाजू मिळून 80 फूट वळचण, म्हणजे दर फुटाला साधारण 3.6 चौरस इंच. आता दुकानातलं सॉफिटचं पॅनेल उलटं करून त्यावरचा मोकळ्या जागेचा आकडा वाचायचा. मधल्याच पट्ट्यात भोकं असलेल्या पॅनेलचा आणि पूर्ण जाळीदार पॅनेलचा आकडा यांत कितीतरी पटींचा फरक असतो, दिसायला मात्र दोन्ही सारखीच पांढरी. रंगाचा कॅटलॉग त्यानंतर उघडावा.

हा 300 चा आकडा आला कुठून, याचीही गंमत आहे. 1930 च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठातच फ्रँक रौली यांनी थंड खोलीत छोट्या छतांवर बाष्प कसं गोठतं याचे प्रयोग केले होते. 1942 मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण प्रशासनाच्या मानकांत 300 चा आकडा आला, पण तो कशावरून काढला हे तिथे सांगितलेलं नाही. इलिनॉय विद्यापीठाचे विल्यम रोझ यांनी पुढे हा माग काढला. देशभर घरं ज्या आकड्यावर बांधली जातात त्याच्या पोटात इतका अंदाजपंचे मामला असावा, याचं मला थोडं समाधानच वाटलं. म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. फक्त दशांशापर्यंत ताणू नये.

वर-खालच्या तोलाकडे मात्र काणाडोळा करू नये. आढ्याला मोठा झरोका आणि वळचणीला तोकडी भोकं असली, तर वर निघणारी हवा आपली भरपाई घरातून करते. दिव्यांच्या खाचा, पाइपांच्या कडा, माळ्याचं झाकण, जिथून मिळेल तिथून तापवलेली हवा ओढली जाते. सॉफिटमधून येणारी वाट निम्म्याहून जास्त असली तर बिघडत नाही, कमी असली की पंचाईत. आणि घरातून माळ्यात जाणाऱ्या या फटी आधी बुजवल्या नाहीत, तर कितीही भारी सॉफिट लावा, उपयोग अर्धाच. आमच्या न्हाणीघराच्या पंख्याची नळी तर सॉफिटमध्येच सोडलेली होती. बाहेर पडलेली वाफ शेजारच्या भोकांतून पुन्हा माळ्यात यायची आणि छतातून आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर हिमाचे मणी होऊन बसायची. ऊन पडलं की टपटप.

आता माल कुठला घ्यायचा. लाकूड देखणं, पण दर काही वर्षांनी रंग मागतं आणि ओल धरली की कुजतं. फायबर सिमेंट जड, महाग, आगीला दाद न देणारं. व्हायनिल सर्वांत स्वस्त, पण ते तापमानाबरोबर बरंच लांबतं-आखडतं. आमच्याकडे उणे 30 ते अधिक 35 असा वर्षाचा पल्ला. तेवढ्यात 12 फुटी व्हायनिलची पट्टी दीड सेंटिमीटरच्या आसपास हलते, अ‍ॅल्युमिनियमची अर्धा सेंटिमीटर. त्यामुळे व्हायनिलचा खिळा खाचेच्या मधोमध आणि थोडा सैल ठेवायचा असतो. घट्ट ठोकलात तर उन्हाळ्यात पट्टी पापडासारखी फुगते. कडाक्याच्या थंडीत व्हायनिल ठिसूळही होतं, शिडीचा धक्का पुरतो. आम्ही अ‍ॅल्युमिनियम घेतलं. त्याला गारांनी पोचे पडतात, ते पडू देत.

पण हा मिनेसोटाचा हिशेब. फ्लोरिडात 2004 च्या चक्रीवादळांत वाऱ्यानं कितीतरी घरांचे सॉफिट उचकटले आणि पाऊस आडवा होऊन माळ्यांत शिरला. तिथे भोकांच्या आधी पट्टी कशावर आणि किती अंतरावर ठोकली आहे हे बघायचं. कॅलिफोर्नियात वणव्याच्या ठिणग्या वाऱ्यावर येऊन झरोक्यांतून माळ्यात शिरतात, म्हणून तिथल्या वणवाप्रवण भागांत जाळीचं भोक 3 मिलिमीटरपेक्षा मोठं चालत नाही. फार बारीक केलं तर धूळ आणि रंग त्याला बुजवतात.

कोकणातल्या घराला सॉफिट का नव्हतं, हे मला माळ्यावरच्या त्या काळोखात उमगलं. कौलं सगळीकडूनच श्वास घेतात. बासेल मिशननं 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यानंतर किनाऱ्यावर पसरलेली ती चापट कौलं असोत की त्याआधीची नळीची, चुलीचा धूर त्यांच्या फटींतून सकाळी निवांत वर निघायचा. वळचण उघडीच असायची, कोयता खोचायला आणि चिमण्यांच्या घरट्यांना. डांबरी शिंगल्स आणि प्लायवूड यांनी छत सीलबंद केलं, आणि मग हवेसाठी भोकं मोजून विकत घ्यावी लागली.

ठेकेदारानं प्लायवूडमध्ये लांब पट्ट्या कापल्या. प्रत्येक दोन वाशांच्या मध्ये छताच्या फळीला लागून फोमची पन्हळी बसवली, म्हणजे इन्सुलेशन सरकलं तरी वर किमान इंचभर वाट मोकळी राहील. न्हाणीघराची नळी छतातून थेट बाहेर काढली, दिव्यांच्या खाचा बुजवल्या. दिवा घालवला तर कडेनं दोन्हीकडे उजेडाच्या रेघा.

पुढच्या फेब्रुवारीत गल्लीतल्या बहुतेक घरांच्या पन्हळींना हातभर लांब बर्फाचे सुळके लोंबत होते, उन्हात काचेसारखे चमकणारे. आमच्या छतावर स्नो आढ्यापासून वळचणीपर्यंत एकसारखा, जसा पडला तसा. शाळेतून आल्यावर धाकटी पायऱ्यांवर उभी राहून बराच वेळ वर बघत होती. मग आत येऊन म्हणाली, ‘‘आई, आपल्याच घराला का गं एकही नाही?’’